पळी पालथी कोण घालतं?

नाना,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. दवाखाना मी पाचव्या दिवशी उघडला. रोगी येतात, मी जीभ बघतो, पोट दाबतो, चिठ्ठी लिहितो. तुझं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणून म्हणतात, "डॉक्टर, तुम्ही होता म्हणून नानांनी इतकी वर्षं काढली." मी मान हलवतो. काल पहिल्यांदा खरं ते बोललो. ते कसं झालं ते तुला सांगायचं आहे. पण त्याच्या आधीचं, तू असताना सांगायला हवं होतं ते, आधी सांगतो.

तू माझा मामेभाऊ, सहा वर्षांनी मोठा. धुळ्याला मामांच्या घरी आपण एका ताटात जेवलो. पुढे मी डॉक्टर होऊन जळगावात बसलो आणि तू आचारी झालास. अख्ख्या खानदेशात वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी करावीत तर नानानं, असं लोक म्हणायचे. लग्नाची तिथी धरायच्या आधी तू मोकळा आहेस का, हे विचारायला माणूस पाठवायचे. मला जळगावात कुणी "नानाचा भाऊ" म्हणून ओळख करून दिली की मी हसायचो. आत कुठेतरी ते मला आवडत नसे. हेही आज लिहून टाकतो.

तुझी कामाची रीत मी लहानपणापासून पाहिली होती आणि वैद्यकी शिकूनही तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. वरणाला उकळी आली की तू पळीतून तळहातावर थेंबभर घ्यायचास, जिभेवर फिरवायचास आणि थुंकून टाकायचास. वांगी घोटताना तेच, फोडणी पडल्यावर तेच. गिळायचं नाही. भरल्या पोटाला मिठाची पारख नसते, असं तुझे गुरू आबा सांगून गेले होते. सकाळी जमिनीत खणलेल्या लांब चरातली चूल पेटली की शेवटची पंगत उठेपर्यंत तुझ्या पोटात काही जायचं नाही. एक गोष्ट सोडून. पहिली बट्टी भाजून निघाली की ती तुपात बुडवायची, तुकडा अग्नीला द्यायचा आणि उरलेली आचाऱ्याने उभ्याने खायची. मग पहिल्यांदा चव घ्यायची. हा आबांचा रिवाज. त्यांचं वाक्य तू मला कितीदा ऐकवलंस: एक बट्टी पोट भरत नाही, पोटाला गप्प बसवते.

आणि तो दुसरा रिवाज, पळीचा. चुलीपाशी उभ्या माणसाला पंगत दिसत नाही. म्हणून शेवटची पंगत उठली की वाढप्यांतला वडीलधारा माणूस चालत यायचा आणि हंड्याच्या काठावर पळी पालथी ठेवायचा. तोवर तू आग विझवायला चरातलं एकही लाकूड बाहेर ओढायचा नाहीस. एकदा मी म्हणालो होतो, आवाज सगळ्यांनाच येतो, त्यावरूनही कळतं की पंगत उठली. तू म्हणालास, "आवाज बठ्ठासले येस भो. पळी एकच माणूस ठेवस."

चाळिशी ओलांडल्यावर तुझं पोट दुखायला लागलं. बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी. पोट रिकामं असलं की दुखायचं, खाल्लं की थांबायचं. मी तपासलं आणि सांगितलं, आतड्याच्या तोंडाशी व्रण आहे, पोटातल्या आम्लाने तो चरतो आहे. दर दोन तासांनी दूध घे. सोड्याची पूड घे. तिखट बंद, तेल बंद, तूप बंद. आम्हाला शिकवलं तसंच मी सांगितलं. दुधाने जिभेवर साय बसते म्हणून कामाच्या दिवशी तू दूध कधी घेतलं नाहीस. सोडा मात्र घ्यायचास. ढेकर यायची, तू पोटावर हात फिरवून म्हणायचास, "गया." तासाभरात ते परत यायचं.

शिरपूरचं लग्न तुला आठवत असेल. मला तर रोज आठवतं. मी वराकडचा पाहुणा होतो, आणि त्या वऱ्हाडातले कितीतरी माझे रोगी. सकाळी चराकडे आलो तर तुझ्या हातात बट्टी, कोपरापर्यंत तूप ओघळलेलं. वीस-पंचवीस माणसं होती तिथे, वाढपी, पाणके, वांगी निवडणाऱ्या बाया. मी तुझ्या हातातून ती बट्टी हिसकावली आणि चरात टाकली. "मरायचं असलं तर धुळ्यात मर, माझ्या रोग्यांदेखत नको," असं म्हणालो. हे माझे शब्द. त्यातला एकही मी विसरलेलो नाही. तूप पेटून जाळ वर आला. तू धोतराला हात पुसलास आणि म्हणालास, "पाहा रे, डाक्टरनं मना बठ्ठा परसाद अग्नीले दिधा. आज वरन गोड होयी." सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, मी एका अडाणी सवयीपासून तुला वाचवलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात, लग्नं नसताना, तू जळगावला आलास आणि चार दिवस राहिलास. ते माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. एका सकाळी तू विचारलंस, "भो, मी तं काही गिळस नही. थुकी देस. मंग पोटले कसं समजस?"

मला उत्तर येत होतं, म्हणून मला आनंद झाला. जीभ आणि नाक मेंदूला कळवतात, मेंदू मज्जातंतूंवाटे पोटाला कळवतो, तारऑफिसासारखं. तू म्हणालास, "दाखाड." म्हणून आपण तो खेळ मांडला. दवाखान्यामागच्या खोलीत तुला रबरी नळी गिळायला लावली. मोठमोठ्या कढया उचलणारा माणूस तू, नळी घशाशी आली तर डोळे पांढरे केलेस. उपाशी पोटातलं पाणी काढलं. लिटमसचा निळा कागद त्यात बुडवला, तो लाल झाला. मग सोड्याचं पाणी थेंबथेंब टाकत गेलो. सात-आठ थेंबांत कागद पुन्हा निळा. मग घरातून फोडणीचं वरण आणलं. तू ते जिभेवर फिरवलंस, नळी सांभाळत थुंकलास, पुन्हा फिरवलंस. पाव तासाने पुन्हा पाणी काढलं. आता तीस थेंब झाले तरी कागद लालच. पोटात कणही गेला नव्हता आणि आम्ल मात्र चौपट झालं होतं.

तू बराच वेळ त्या कागदाकडे बघत होतास. पंचवीस वर्षं तू काय करत होतास ते त्या कागदावर होतं. दिवसभर पोटाला जेवणाची वर्दी द्यायची आणि एका बट्टीपलीकडे जेवण द्यायचं नाही.

नळी काढल्यावर तू दोन गोष्टी बोललास. पहिली, "'चाल' सांगनारा सापडी गया. पन 'थांब' कोन सांगस त्याले? पळी पालथी कोन घालस?"

मी म्हणालो, पोट रिकामं झालं की थांबतं आपोआप.

"आपोआप काही थांबस नही भो. चूल आपोआप थांबस का?"

आणि दुसरी. तू म्हणालास, "आते मी चमचाभर तूप खाई लेस. मंग परत नळी घाल नि थेंब मोज."

मी म्हणालो, त्याची गरज नाही.

"घाबरस का, हारशी म्हनीसन?" तू हसत होतास. मी सामान आवरायला लागलो.

नाना, नळी तिथेच होती. कागद होते. सोड्याचं पाणी अर्ध्याच्यावर उरलं होतं. तूप स्वयंपाकघरात होतं. अर्ध्या तासाचं काम होतं. मी ते केलं नाही, कारण एका आचाऱ्याने प्रयोग सुचवावा आणि मी तो करावा, हे मला जमलं नाही.

त्यानंतर तू मला तुपाबद्दल कित्येक वर्षं काही विचारलं नाहीस.

लढाईच्या दिवसांत एक डॉक्टर गाव सोडून चालले होते. त्यांनी वैद्यकी मासिकांचा जुना गठ्ठा माझ्याकडे टाकला. दुपारी रोगी नसले की मी तो चाळायचो. त्यात एक लेख सापडला. तुला साध्या शब्दांत सांगतो, तू असतास तरी असंच सांगितलं असतं.

पोटाला वर्दी फक्त तंतूंवाटे येत नाही. अन्न पोटाच्या खालच्या भागात उतरलं की तिथलं आतलं अस्तर एक रस रक्तात सोडतं. तो रस काळजातून, सगळ्या अंगातून फिरून परत पोटाच्याच वरच्या भागाला येतो आणि सांगतो, आम्ल आण. विलायतेत एकाने हे चाळीसेक वर्षांपूर्वी सांगितलं, बरेच दिवस कुणी मानलं नाही, आता पुन्हा मानायला लागले आहेत. हे झालं "चाल" म्हणणारं. आणि पुढे लिहिलं होतं की "थांब" म्हणणारंही आहे. ते पोटात नाही, पोटाच्या पुढे आतड्यात आहे. पोटातून आतड्यात स्निग्ध पदार्थ उतरला की आतड्याचं अस्तर दुसरा एक रस रक्तात सोडतं. त्याने पोटाचं आम्ल कमी होतं आणि पोटाची हालचालही मंदावते. तंतू तोडले तरी हे होतं, म्हणून बातमी रक्तातूनच जाते असं ते म्हणतात. त्या रसाला इंग्रजीत एक लांबलचक नाव दिलं आहे. ते मी इथे लिहीत नाही, तू त्याची चेष्टा केली असतीस.

स्निग्ध पदार्थ म्हणजे तेल, लोणी, तूप.

पंगत आतड्यात बसलेली असते, नाना. तिकडून माणूस चालत येतो आणि पळी पालथी ठेवतो. चमचाभर तुपाने तो उठतो. आबांना हे ठाऊक नव्हतं, पण आबांना हे ठाऊक होतं.

मी तो लेख तीनदा वाचला आणि टेबलाच्या खणात ठेवला. आता जे लिहितो आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो. न कळून चुकलो ते एक वेळ सोडून देता येईल. पण कळल्यावर दोन वर्षं मी गप्प बसलो. तू त्या दोन वर्षांत तीनदा आलास. शेवटच्या खेपेला थंडी होती. तू बाकावर बसून सोड्याची पुडी खिशात घातलीस आणि जाता जाता विचारलंस, "भो, आते म्हातारपन उनं. येखादी बट्टी चाली का?"

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी म्हणालो, "नाही. नियम म्हणजे नियम."

"बरं," तू म्हणालास. "तू सांगस ते खरं."

तू गेल्यावर मी स्वतःला कारणं दिली. एका लेखावरून उपचार बदलायचा नसतो. प्रयोग बहुतेक कुत्र्यांवरचे होते. शिवाय रेशनच्या दिवसांत चांगलं तूप मिळतं कुठे. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्यासाठी मी गप्प नव्हतो. शिरपूरला वीस-पंचवीस माणसांदेखत जे केलं ते परत घ्यावं लागलं असतं, म्हणून गप्प होतो.

सावद्याजवळच्या लग्नात, दुसरी पंगत बसली असताना, तू चरापाशी खाली बसलास. गिरधरने सांगितलं मला, तुझ्या हाताखालचा गिरधर. तू ओरडला नाहीस. "वरन पाहा रे, बुडाले लागी," एवढंच म्हणालास. बैलगाडीने स्टेशन, मग गाडीने जळगाव. मी तुझ्या पोटावर हात ठेवला आणि ते फळीसारखं लागलं. व्रण फुटला होता. मोठ्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पोट उघडलं, शिवलं. दोन दिवस तू शुद्धीत होतास. ओठ कोरडे, पाणी द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझं मनगट धरलंस, जणू मीच रोगी आणि तू नाडी बघतो आहेस.

"भो, त्यो थांब सांगनारा सापडना का रे?"

सापडला होता. माझ्या खणात होता. मी म्हणालो, "बोलू नकोस नाना, टाके ताणतील."

तू बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

एक गोष्ट मला खरी लिहिलीच पाहिजे. तूप खाल्लं असतंस तर वाचला असतास, असं मी म्हणू शकत नाही. व्रण कशाने होतो, कशाने फुटतो, हे अजून कुणाला धड माहीत नाही. कदाचित तेच झालं असतं. कदाचित तुझे दिवस थोडे कमी दुखले असते, एवढंच. पण ते दुखणं तुझं होतं, आणि ठरवलं मी.

तेराव्याला धुळ्याला आलो. जेवणं झाल्यावर वहिनी मागच्या पडवीत तुझ्या पळ्या राखेने घासत बसल्या होत्या. सुनांनी हात लावलेला त्यांना चालत नव्हता. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. नळी, तूप, लेख, खण. दवाखान्यातलं तुझं विचारणंसुद्धा. वहिनींचा हात थांबला नाही. सांगून झालं तेव्हा त्यांनी पळी पाण्यातून काढली, पदराने पुसली.

"तुम्हाला ठाऊक नाही भाऊजी," त्या म्हणाल्या. "शिरपूरपासून हे पहिली बट्टी तुपात बुडवायचे नि चराच्या काठावर ठेवायचे. खायचे नाही. गिरधर म्हणे, नाना खा ना, इथे डाक्टर कोठे शे पाहाले? तं म्हणायचे, पाहाले नही रे, पन सांगेल शे त्यानं."

मला वाटत होतं तू कधीतरी चोरून खाल्लं असशील. मला आतून तसं हवं होतं. दहा वर्षं प्रत्येक लग्नात ती बट्टी तुझ्या समोर थंड होत होती.

मी वहिनींना म्हणालो, मला काहीतरी बोला.

"काय बोलू? तुम्ही बोलायचं तेव्हा बोलला नाहीत. आता माझ्या बोलण्यानं काय व्हईल?" मग पळ्या आडव्या लावत: "गिरधरचं पोट दुखतं आहे म्हणे दोन वर्षं. त्यालेबी तुम्ही तूप बंद करेल शे ना?"

होय. त्यालाही मीच बंद केलं होतं. लेख वाचल्यानंतर.

काल अमळनेरला लग्न होतं. तू घेतलेलं काम, म्हणून गिरधर करणार होता. मला आमंत्रण नव्हतं. पहिल्या गाडीने गेलो. चरात निखारे पडले होते. तीच माणसं, तेच वाढपी, शिरपूरची दोन-तीन तोंडं मी ओळखली. गिरधरने पहिली बट्टी निखाऱ्यातून काढली, झटकली, तुपात बुडवली, अग्नीला तुकडा दिला आणि उरलेली चराच्या काठावर ठेवली. तुझ्यासारखीच. माझ्याकडे बघून म्हणाला, "भ्याऊ नका डाक्टरसाहेब, खात नही. नानानी जागा शे ती."

मी ती उचलली. बोटं भाजली. त्याच्यासमोर धरली.

"खा," मी म्हणालो.

"तुम्हीच तर बंद करेल व्हतं."

"चुकलो होतो." मागच्या माणसांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणालो, मोठ्याने. "नानाच्या हातातून ओढली तेव्हाही चुकलो होतो. नंतर मला कळलं आणि मी सांगितलं नाही. ही औषध नाही. पण पोटाला गप्प बसवते. आबा बरोबर होते. आणि हे लग्न आटोपलं की एका सकाळी तू दवाखान्यात ये, मला नळी घालून बघायचं आहे. आधी उपाशी, मग चव घेऊन, मग तूप खाऊन. ते राहिलं आहे."

वांगी निवडणाऱ्या बायांचे हात थांबले होते. या वेळी कुणी हसलं नाही. हसवणारा नव्हता. एक म्हातारा वाढपी एवढंच म्हणाला, "दहा वरीस लागनात डाक्टर, शिरपूरतून अमळनेरले यावाले."

गिरधरने बट्टी घेतली आणि उभ्याने खाल्ली. सगळी. मग वरणात पळी घातली, तळहातावर थेंब घेतला, जिभेवर फिरवला, थुंकला आणि म्हणाला, "मीठ."

मला काही हलकं वाटलं नाही. मी ते वाटावं म्हणून गेलो नव्हतो. पंगतीत बसा म्हणून दोघं-तिघं सांगायला आले, मी बसलो नाही. चराच्या काठावर, जिथे ती बट्टी असायची तिथून हातभर अंतरावर, उभा राहिलो. धूर डोळ्यांत जात होता. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, तिसरी बसली. तीन वाजायच्या सुमारास तो म्हातारा वाढपी मांडवातून चालत आला, हंड्याच्या काठावर पळी पालथी ठेवली आणि गेला.

गिरधर माझ्याकडे बघत उभा राहिला. तू नाहीस म्हणून लाकूड कुणी ओढायचं ते ठरलं नव्हतं.

पहिलं मी ओढलं.